ब्राऊन बिनमधलं गवत मोजतात, बागेतला ढीग मोजत नाहीत

दर मार्चमध्ये काउन्सिल टॅक्सच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या कराच्या) बिलासोबत इथे इंग्लंडात आमच्याकडे एक चकचकीत पत्रक येतं आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं की यंदा आपण अमुक टक्के कचरा रिसायकल केला, रहिवाशांचे आभार वगैरे. मला बारीक अक्षरातले आकडे वाचायची खोड आहे (नवरा म्हणतो हिला बिस्किटाच्या पुड्यावरचं पण सोडवत नाही), त्यामुळे हा टक्का येतो कुठून ते शोधायला बसले. तर गंमत अशी की त्या टक्क्यातला मोठा वाटा बाटल्या, डबे, पेपर यांचा नाहीच. गवताचा आहे. लॉनचं कापलेलं गवत, हेजच्या छाटलेल्या फांद्या, सफरचंदाच्या झाडाखालची सडकी फळं. इथे रिसायकलिंग रेट म्हणताना त्यात कंपोस्टिंग धरलेलं असतं, आणि पूर्ण देशाचा हिशेब घेतला तर घरगुती रिसायकलिंगच्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, बागेतल्या कचऱ्याचा निघतो.

देशाचा आकडा गेली दहाएक वर्षं ४४ टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. २०२०पर्यंत ५० टक्के गाठायचे होते, युरोपियन युनियनमध्ये असतानाचं ते टार्गेट, ते हुकलं, आता २०३५पर्यंत ६५ म्हणतात. आणि या आकड्याला गवत किती लागतं हे बघायचं असेल तर २०२२ आठवा. त्या जुलैत लिंकनशायरमध्ये पारा ४० च्या वर गेला होता, आमची लॉन तर पार पापडासारखी झाली होती, कुणी मशीन बाहेरच काढलं नाही. गवतच नाही म्हटल्यावर ब्राऊन बिन (बागेतल्या कचऱ्याचे डबे) रिकामे, आणि त्या वर्षी देशाचा रिसायकलिंग रेट खाली आला. म्हणजे लोक बेशिस्त झाले असं काही नव्हतं, पाऊस पडला नाही एवढंच. आपल्याकडे दुष्काळात उसाचं उत्पादन घटतं, इथे टक्केवारी घटते.

आता हे मोजतात कसं, ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या भागातल्या बागकामाच्या ग्रुपने मध्यंतरी एका कंपोस्टिंग साइटला भेट ठरवली होती, मी गेले होते. गेटमध्येच वजनकाटा. काउन्सिलचा ट्रक आला की भरलेला ट्रक काट्यावर, रिकामा करून जाताना पुन्हा काट्यावर, मधला फरक म्हणजे त्या खेपेचं वजन. हे टन मग दर तिमाहीला एका सरकारी ऑनलाइन सिस्टिममध्ये भरले जातात, वेस्टडेटाफ्लो तिचं नाव, २००४ पासून चालू आहे. नंतर चाळताना वगैरे जो माल कंपोस्टच्या लायकीचा नाही म्हणून बाहेर फेकला जातो तो नियमाप्रमाणे वजा करायचा असतो. पण मुख्य मोजणी होते ती आत येणाऱ्या मालाची, बाहेर पडणाऱ्या खताची नाही. आणि ओलं गवत म्हणजे बहुतांश पाणी हो! कुजताना त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, कार्बनचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, शेवटी हातात येतं ते ढोबळमानाने निम्मं वजन, कधी त्याहूनही कमी. टार्गेटच्या वहीत मात्र टन तो टनच. रात्रभर पाऊस पडून सकाळी बिन उचलले तर पावसाचं पाणी पण रिसायकल झालं म्हणायचं.

साइट बघण्यासारखी होती हे कबूल करायला पाहिजे. आलेला माल आधी एका अजस्र श्रेडरमध्ये जातो, मग त्याचे लांबच लांब, माणसापेक्षा उंच ढीग लावतात, विंडरो म्हणतात त्यांना. थंडी होती आणि ढिगांमधून धूर निघाल्यासारखी वाफ येत होती. तिथल्या बाईंनी एक लांब सळईसारखा थर्मामीटर आत खुपसला, ६३ दाखवलं. दर काही दिवसांनी मशीनने ढीग वरखाली करतात, दोन-तीन महिन्यांत तयार होतं, मग चाळणी. चाळणीच्या शेजारी एक मोठा क्रेट होता, त्यात लोकांच्या बिनमधून आलेल्या वस्तू ठेवल्या होत्या: खुरपी, रबरी पाइपचे तुकडे, कुंड्या, टेनिसचे बॉल, एक काटाचमचा, आणि प्लॅस्टिक तर विचारूच नका. मी तयार खत मुठीत घेऊन बघितलं, काळं, भुसभुशीत, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा, आणि त्यात सफरचंदावर चिकटवतात ना तो इवलासा स्टिकर, जसाच्या तसा, ब्रँडचं नाव वाचता येईल इतका शाबूत.

त्या स्टिकरवरूनच विषय निघाला की मग कंपोस्ट म्हणायचं कशाला. इथे त्यासाठी 'पास १००' नावाचं स्टँडर्ड आहे, २००२ मध्ये पहिल्यांदा आलं, नंतर बदलत गेलं. ते पाळलं की तो माल कचरा राहत नाही, प्रॉडक्ट होतो, शेतकऱ्याला विकता येतो, नाहीतर शेतात टाकायला पण कचऱ्याचं परमिट लागतं. त्यात साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये अजिबात नको, शिसं किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम दीड मिलिग्रॅमच्या आत, आणि काच-धातू-प्लॅस्टिकचे २ मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे सगळे मिळून वजनाच्या ०.२५ टक्क्यांच्या आत, त्यातही प्लॅस्टिक ०.१२ च्या आत. ०.१२ टक्के वाचायला किरकोळ वाटतं. पण प्लॅस्टिक वजनाला हलकं असतं राव, एका टनात १२०० ग्रॅम म्हणजे किती पिशव्यांचे तुकडे झाले, विचार करा. स्कॉटलंडमध्ये म्हणूनच प्लॅस्टिकची मर्यादा याहून कडक ठेवलीय.

आणि स्कॉटलंडनेच एक गोष्ट केली जी मला एकदम पटली. २०१४ पासून त्यांनी ठरवलं की पास १०० सारखा दर्जा गाठला तरच ते कंपोस्ट रिसायकलिंगमध्ये धरायचं, नाहीतर त्याची गणती वेगळ्या खात्यात, 'लँडफिलमध्ये (कचरा पुरायच्या जागेत) गेलं नाही' एवढंच. म्हणजे ट्रक तोच, गवत तेच, प्लांट तोच, पण दर्जा नसेल तर काउन्सिलच्या टक्क्यातून ते गायब. हे बरोबर आहे! आत काय आलं यापेक्षा बाहेर काय पडलं हे बघणं.

रस्त्यावरच्या पानांची गोष्ट तर आणखी मजेशीर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे रस्त्यांवर पानांचा नुसता खच पडतो, काउन्सिलच्या झाडूगाड्या ती ओढून नेतात. साध्या माणसाला वाटेल की याच्याइतकं चांगलं कंपोस्टचं साहित्य दुसरं नाही, आणि काही वर्षं बऱ्याच काउन्सिलांनी ते कंपोस्टिंगला पाठवून टक्का वाढवला पण. मग २०१२ च्या सुमारास एन्व्हायर्नमेंट एजन्सीने (पर्यावरणाच्या सरकारी यंत्रणेने) हात आखडायला लावले, कारण त्या पानांसोबत टायरची धूळ, गाड्यांचं तेल, सिगारेटची थोटकं, सगळं येतं, त्यातून दर्जेदार कंपोस्ट म्हणून विकण्यासारखं काही करता येत नाही. शिवाय सरकार हल्ली देशाचा जो अधिकृत 'घरांमधला कचरा' मोजतं त्यात रस्ते झाडलेला कचरा धरतच नाहीत. तर तेच पान माझ्या अंगणात पडलं तर कंपोस्ट, आणि वारा सुटून कुंपणाबाहेर गेलं तर नुसता कचरा. तरी हा नियम मला चुकीचा वाटत नाही, विचित्र वाटतो फक्त.

तिसरा प्रकार म्हणजे काळ्या बिनमधल्या (रिसायकल न होणाऱ्या) मिश्र कचऱ्यातून मशीनने वेगळं काढलेलं ओलं. डायपर, चिकनची हाडं, फुटके बल्ब असं सगळं एकत्र आलेलं ढवळून, चाळून, कुजवून जे निघतं ते दिसायला खतासारखं असतं, पण त्याला इथे कंपोस्ट म्हणायला परवानगी नाही, 'कंपोस्टसारखं आउटपुट' असं लाजतबुजत नाव दिलंय. ते भाजीच्या शेतात जात नाही, बंद झालेल्या लँडफिलवर किंवा पडीक औद्योगिक जमिनीवर परमिट घेऊन पसरतात. युरोपियन युनियनने तर २०२७ पासून सरळच ठरवलंय की ओला कचरा आधीपासून वेगळा गोळा केला असेल किंवा घरच्या घरीच जिरवला असेल तरच रिसायकलिंगमध्ये मोजायचा. आपल्याकडे 'ओला वेगळा, सुका वेगळा' ओरडून ओरडून महापालिकांचे घसे बसलेत ते काय उगीच नाही, एकदा मिसळलं की संपलं.

बरं, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं काय? तो उघड्या विंडरोमध्ये टाकायला इथे बंदीच आहे. २००१ मध्ये जनावरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली होती, लाखो जनावरं मारावी लागली, असा रोग मांस लागलेल्या खरकट्यातून पसरू शकतो म्हणून तेव्हापासून उरल्यासुरल्या अन्नाचे नियम फार कडक झाले. बटाट्याची सालं सुद्धा, तुमच्या घरात मटण शिजत असेल-नसेल, काउन्सिलच्या हिशेबात धोक्याचीच. त्यामुळे हा कचरा एकतर बंद पेटीतल्या कंपोस्टिंगला जातो, जिथे ६० डिग्रीला दोन दिवस असे दोन टप्पे पार करावे लागतात, नाहीतर बायोगॅसच्या प्लांटला. बायोगॅसमधून गॅस निघतो, वीज होते, आणि खाली उरते ती स्लरी शेतात जाते, तिचं वेगळं स्टँडर्ड, पास ११०. ही स्लरी शेतात गेली की टार्गेटमध्ये गणती होते. गोबर गॅसवाल्या देशातून आलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही, पण इथे फूड वेस्टची वेगळी बादली सगळ्या घरांना द्यायचा नियम यायला २०२६ उजाडावं लागलं, ३१ मार्च २०२६ ही मुदत, त्यातही काही काउन्सिलांना जुन्या कंत्राटांमुळे पुढची तारीख. वेल्समध्ये हे कधीचंच चालू आहे आणि तिथे टार्गेट चुकलं तर काउन्सिलला टनामागे २०० पौंड दंड होऊ शकतो, म्हणून ते पळतात. (वेल्सवाले कचरा जाळायच्या भट्टीतून निघालेली, रस्त्याच्या कामाला वापरलेली राख पण टार्गेटमध्ये धरतात, तेव्हा त्यांनाही डोक्यावर घेऊन नाचायला नको.)

त्या फूड वेस्टच्या बादलीत घालायच्या 'कंपोस्टेबल' पिशव्यांबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. बऱ्याचशा बायोगॅस प्लांटमध्ये पिशवी कुठलीही असो, कॉर्न स्टार्चची असो की साधी, ती सुरुवातीलाच मशीनने फाडून बाजूला काढतात आणि बहुधा जाळायला पाठवतात. तुमच्या काउन्सिलने सांगितली असेल ती वापरा, पण त्या हिरव्या पिशवीचं खत होतंय या समाधानात राहू नका. मी आपली कागदात गुंडाळते.

आता घरच्या ढिगाकडे येते, कारण हे सगळं लिहायला त्यानेच लावलं. आमच्या बागेच्या टोकाला एक काळा झाकणवाला डबा आहे, एकेकाळी काउन्सिलं असे डबे सवलतीत वाटायची. त्यात भाजीची देठं, चहाचा चोथा (टीबॅग फाडून, कारण काहींच्या कागदात प्लॅस्टिक असतं), अंड्याची टरफलं, पुठ्ठा, गवत असं सगळं जातं आणि वर्षभरात खालच्या दारातून खत निघतं. ट्रक नाही, डिझेल नाही, श्रेडर नाही. इंग्लंडच्या टार्गेटमध्ये याची किंमत शून्य, कारण ते काट्यावरून गेलंच नाही. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये घरगुती कंपोस्टिंग कसं मोजायचं याची पद्धत नियमात घालून दिली, सर्व्हे करा, अंदाज बांधा, अमुक तमुक. इंग्लंडच्या टक्क्यात त्याला जागा नाही.

नुसतं शून्य असतं तरी ठीक होतं हो, पण तेच ट्रकने गेलं असतं तर जो टक्का वाढला असता तो बुडतो. उदाहरण म्हणून गोल आकडे घेऊ. एका घराचा वर्षाचा काळ्या बिनचा कचरा ८०० किलो, बाटल्या-पेपर ४०० किलो. रेट झाला ३३ टक्के. आता काउन्सिलने फुकट ब्राऊन बिन दिला आणि त्यातून ३०० किलो गवत नेलं, तर १५०० पैकी ७००, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के. काळ्या बिनमधला एक ग्रॅमही कमी झाला नाही, उलट घरातून उचलायचा एकूण कचरा वाढला, तरी पत्रकात शाब्बासकी. शेजारचे आजोबा तेच ३०० किलो गवत बागेतच जिरवतात तर त्यांचं घर ३३ वरच. म्हणजे आजोबांसारखी सगळी गल्ली वागली तर काउन्सिलची मान खाली! हां, सालं-देठं काळ्या बिनमध्ये टाकायच्या ऐवजी घरच्या डब्यात टाकली तर तेवढा फायदा दिसतो, कारण भागाकाराच्या खालची संख्या कमी होते, ८०० चे ७०० झाले तर ३३ चे ३६. पण त्याच १०० किलोचा ट्रक भरून नेला असता तर टक्का ४१ च्या वर गेला असता. आता सांगा काउन्सिलला कोणतं आवडेल.

हे मी आजोबांना त्यांच्या कुंपणापाशी समजावून सांगितलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी काउन्सिलचं नुकसान करतोय, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" आणि खूश होऊन परत ढीग उपसायला गेले.

ब्राऊन बिन फुकट आहे तोवर हे चालतं. कायद्याने काउन्सिलला बागेतला कचरा न्यायचे पैसे लावता येतात, आणि बजेटला कात्री लागल्यापासून बहुतेकांनी ते लावलेत. आमच्याकडे वर्षाला पन्नास-साठ पौंडांच्या घरात जातात. पैसे लागले की बिन कमी होतात, बिन कमी झाले की टन कमी, टन कमी की टक्का कमी. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमने चार्ज लावला तेव्हा काय आरडाओरडा झाला होता! यावर आईची फोनवरची प्रतिक्रिया जशीच्या तशी देते.

"अगं, म्हणजे तुझ्याच बागेतलं गवत न्यायला तू त्यांना पैसे देतेस?"

"हो."

"आणि मग गार्डन सेंटरमधून खताची पिशवी आणतेस ती?"

"ती पण विकतच."

"छान. बाबांना सांगते, ऐकून करमणूक होईल त्यांची."

पुण्यात आमच्या सोसायटीत गांडूळखताचे हौद आहेत आणि त्यावर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, सोलर किंवा पावसाचं पाणी साठवणं पण केलं तर १०. ते हौद बाराही महिने नीट चालतात असं छातीठोकपणे सांगणार नाही, तपासणीला माणूस येणार कळलं की सेक्रेटरीकाकांची जी धावपळ उडते ती मी बघितलीय. पण निदान तिथे घरच्या घरी जिरवलेल्या कचऱ्याला वहीत एक ओळ आहे, पैशात उतरलेली. इथे नाही.

आणि यात एक सरळसरळ अन्याय पण आहे. रिसायकलिंगच्या यादीत वर कोण असतं, तर साउथ ऑक्सफर्डशायर, ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर असे हिरवेगार भाग, मोठमोठ्या बागांवाले. तळाला कोण, तर लंडनचं टॉवर हॅम्लेट्स. तिथे माणसं उंच इमारतींमधल्या फ्लॅटमध्ये राहतात, लॉन आणणार कुठून? वरच्या काउन्सिलांचं काम चांगलं नाही असं नाही, ईस्ट रायडिंग तर गवत आणि खरकटं एकाच बिनमध्ये नीट गोळा करतं. पण फ्लॅटवाल्यांच्या काउन्सिलला बागवाल्यांच्या पट्टीने मोजून मग लोक आळशी आहेत म्हणणं हे काही बरोबर नाही.

मला विचाराल तर टक्का बाजूला ठेवा आणि माणशी किती किलो कचरा शेवटी जाळला-पुरला तेवढंच मोजा. सरकारने तसं टार्गेट ठेवलंय पण, २०१९ च्या तुलनेत २०४२ पर्यंत माणशी उरलेला कचरा निम्मा करायचा. त्यात गवताने फुगवता येत नाही आणि आजोबांचा ढीग आपोआप जमेला येतो. पण पत्रकावर छापायला टक्का सोपा पडतो, तो गवताने फुगवता येतो, आणि किलो कमी करायचे तर दुकानातल्या पॅकिंगपासून सगळ्यांशी भांडावं लागतं, ते कोण करतंय.

तुमच्या काउन्सिलचं काय चाललंय हे बघायचं असेल तर माहितीच्या अधिकारात ईमेल टाका, सहसा फी लागत नाही, आणि कामाचे वीस दिवस त्यांना उत्तर द्यायला असतात. तीन गोष्टी विचारा: रिसायकलिंगच्या टनांपैकी बागेतला कचरा किती, तो ज्या साइटवर जातो तिथलं कंपोस्ट पास १०० आहे का, आणि चाळणीनंतर किती माल रिजेक्ट झाला. पहिल्या दोघांची उत्तरं पटकन येतात. तिसऱ्यासमोर 'माहिती कंत्राटदाराकडे आहे' असं आलं तर तिथेच सोडू नका, कंत्राटदार ती माहिती काउन्सिलच्या वतीने ठेवतो का आणि ठेवत असेल तर मागवून द्या, असं उलट लिहा.